शनिवारचा आलेख

२५ जानेवारी, शनिवार
आत्या तयार झाली! दंडावर सेन्सर लावताना डोळे घट्ट मिटले होते. लागल्यावर म्हणते, "बास? एवढ्यासाठी मारुतीला नारळ बोलले होते."
आता तिची साखर दिवसभर माझ्या फोनवर. GPनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, बजावलंय — मार्चच्या तपासणीत आकडा उतरला नाही तर इन्शुलिन. "सुई सुरू झाली की माणूस घरचं राहत नाही, दवाखान्याचं होतं," हे आत्याचं मत. सुई लागू द्यायची नाही. भात, पोळी, ब्रेड, बिस्किटं — उद्यापासून बंद.

२८ जानेवारी
बाबांचा फोन. "आपल्या गिरणीच्या पिठावर शिकलीस आणि आता पिठाच्याच मुळावर उठलीस होय गं?" हसत होते. जयसिंगपुरात सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरगी लंडनला डॉक्टर होतेय. न्यूट्रिशनची एमएससी म्हणजे डॉक्टर नव्हे — किती वेळा सांगू?
आत्याची साखर सातवर! आपल्याकडचे सव्वाशे.

३० जानेवारी
माझी ट्यूटर सारा म्हणाली, आहार एवढा बदललास तर आत्याच्या साखरेच्या गोळीचा डोस बघायला हवा, GPला विचार. सोमवारी फोन करते.

१ फेब्रुवारी, शनिवार
आत्याचा उपास, म्हणून माझाही. दुपारी खिचडी खाऊन दोघी रजईत. तिच्या हातची कधी चिकट होत नाही. आणि फोनवर बघते तर साखर तेरा! दिवसभर तिनं काही खाल्लं नाही. सेन्सर बिघडला?

८ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा तेरा!! सेन्सर ठीक आहे. आहाराच्या नोंदीत मी दोन्ही शनिवारी शून्य लिहिलंय. उपाशीपोटी यकृत साखर सोडतं, हे वाचलंय — पण एवढी?
"उपाशी राहून वाढते होय? मग जेवतेच की," आत्या म्हणाली.
गुरुवारी सेमिनारमध्ये मांडणार. अर्धा वर्ग म्हणतो पिष्टच शत्रू, अर्धा म्हणतो एकूण खाणं कमी करा, पिष्टाला बदनाम करू नका. माझा शनिवार दोघांनाही उत्तर द्यायला लावणार!
GPचा फोन राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आलेख पडद्यावर. साराही पुढे झुकून बघायला लागली. आणि मागून ईशिता — इथेच स्टॅनमोरला जन्मलेली — चक्क मराठीत: "पण वरदा, उपासाला तू साबुदाणा खातो ना? माझी आजी पण खातो."
साबुदाणा! निव्वळ पिष्ट. वर बटाटा. मी आत्यासमोर बसून तीच खिचडी खाल्ली आणि शून्य लिहिलं. उपासाचं खाणं खाण्यात धरत नाहीत, हे इतकं आत मुरलंय की दिसलंच नाही.
ईशितानं सगळ्यांना इंग्रजीत समजावलं. वर्ग हसला, मीही. पण सारा हसली नाही. म्हणाली, "हाच तुझा विषय. लोक काय मोजत नाहीत, ते शोध. आपले निम्मे वाद असल्या नोंदींवर उभे आहेत." प्रबंधाचा विषय मिळाला! येताना ट्यूब ट्रेनमध्ये उभ्यानं पहिलं पान लिहिलं.
घरी आत्याला रंगवून सांगितलं. तिला हसू आलं नाही.
"म्हणजे इतकी वर्षं मी उपास केलेच नाहीत म्हण की."
"तसं नाही गं."
ती भांडी विसळत राहिली.

१४ फेब्रुवारी
आराखडा झाला! सारा खूश. GPला सोमवारी नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार
लायब्ररीत फोनचा अलार्म. साखर तीनच्या खाली. शेजारच्या अर्चनाकाकूंना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली असते. आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर, घामानं चिंब. सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली होती. त्यानंतर काहीच नाही.
मी पोचले तेव्हा काकूंनी संत्र्याचा रस पाजला होता. मला बघून आत्या म्हणाली, "आज लिही शून्य. आज खरं आहे."