सरकीचं टरफल

वाशीम, बुधवार, सांजच्याले

डोकं अजून तापूनच आहे. शेटजीच्या डिझेल ट्रकचं इंजिन आज खोललं. तेल ओढायच्या जाळीवर कापसाचा बोळा, अन् त्यात सरकीचं टरफल! तेलच भेटलं नाही, तं बेअरिंग जळनार नाही तं काय?

इंजिनाच्या बाजूले तेल गाळायचा डबा आहे. थोडं थोडं तेल त्यातून गाळून परत खाली येते. आतली गाळणी बदला, एवढंच म्या सांगितलं होतं. शेटजीनं तिच्या जागी आपल्या सरकी काढायच्या जिनातला कापूस कोंबला, अन् तोच तेलासंग वाहून खाली जाळीवर आला.

"काहून कोंबला?" म्या इचारलं.

"गाळणीत कापूसच असते ना? घरचा असून इकत कायले आनू?"

वरून मलेच म्हनते, "त्या डब्यानंच इंजिन खाल्लं. बंद करून टाक तो, मिस्त्री."

टरफल त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं फुंकून देलं.

अन् म्या काय केलं? भांडलो? नाही. गुपचूप डब्याच्या दोन्ही नळ्या काढल्या, तोंडं बंद केली. आता सारी घाण इंजिनातच फिरन. टरफल फुंकनाऱ्याले काय बोलू? नळ्या तं म्याच बंद केल्या.