घरचा पत्ता वगळून

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझे धडे बंद करायचं घाटतंय! संस्थेच्या संचालक बाई सरळच म्हणाल्या, "वेबसाइटवर ते कुणी ऐकत असेल तर दाखव. नसेल तर काढून टाकू. सर्व्हरवर उगाच ओझं कशाला?"

ज्यांची शाळा राहून गेली अशा मोठ्यांसाठीचे धडे. पडद्यावर अक्षर, आवाज माझा. घरात पहिली पदवी मला मिळाली, तेव्हाच ठरवलं होतं — शिकून नुसती खुर्ची उबवायची नाही.

५ फेब्रुवारी

कुणीही आलं की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो — इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरून (एका घराचा एकच), केव्हा, कुठलं पान. तो लॉग. त्या ओळींची बेरीज मांडणारं टूल बसवायला घेतलं. दिवसभर कोरा पडदा! शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ म्हणाला, "अगं, त्याला लॉग वाचायची परवानगी तरी दिलीस का? डोळे बांधून वाच म्हणतेस बिचाऱ्याला!"

दिली. चाललं.

६ फेब्रुवारी

आलेख भरभरून वर! घरी सांगितलं. दादा: "तुझा आवाज ऐकून माणसं पळत कशी नाहीत?" आई म्हणाली, "चांगलाय आवाज. सावकाश सांगते, पुन्हा सांगते."

आईला काय, माझं सगळंच चांगलं.

७ फेब्रुवारी

तंत्रज्ञाने पाणी ओतलं. आलेखातले बहुतेक बॉट — पानं चाळत हिंडणारे प्रोग्राम, माणसं नव्हेत. ते वगळले. ऑफिसचा पत्ता वगळला. "धडे घरूनही उघडून तपासतेस ना? मग तोही वगळ. आपणच टाळ्या वाजवायच्या आणि आपणच मोजायच्या?"

पटलं. घरच्या ओळी बऱ्याच निघाल्या. एवढं तपासलं मी? तपासलं असेल. वगळल्या.

उरलं जवळजवळ काहीच नाही.

१० फेब्रुवारी

तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "थोडे बॉट राहू देत की. बाईंना काय कळतंय?" नाही! लबाडीवर धडे चालवायचे नाहीत. खरा आकडा बाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "प्रामाणिक आहेस. काढून टाक."

मीच काढले. वाईट वाटलं, पण मोजमाप चोख होतं.

११ फेब्रुवारी

विशेष काही नाही. टूल उत्तम चाललंय.

१२ फेब्रुवारी

सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझे धडे उघडत नाहीत गं कालपासून. तुम्ही दोघं कामाला गेलात की लावायचे मी. जोडाक्षरांपर्यंत आले होते."

ऑफिसात जाऊन वगळलेल्या ओळी उघडल्या. सगळ्या दुपारच्या.