अजितने अर्धवट सोडलेली यादी

२८ ऑगस्ट २०१६, रविवार
आज अ.च्या नावाने टीम निवडली. निवडायची नव्हती.
सकाळी नऊला त्याच्या लॅपटॉपमधून टिंग टिंग सुरू झालं. दीड महिना तो लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर तसाच चार्जिंगला आहे. हलवला नाही. उघडला, तर ड्राफ्ट. म्हणजे दहा माणसं, कुठली कुठली, एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखणारी. अमेरिकन फुटबॉलचे खरेखुरे खेळाडू आळीपाळीने आपापल्या लुटुपुटीच्या टीममध्ये ओढतात. मग ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. अ. सात वर्षं हे करत होता. मी सात वर्षं त्याला हसत होते.
पडद्यावर: ‘बातोक, तुझी पाळी.’ बातोक म्हणजे अ. आमची वस्ती बुकित बातोक, त्यावरून घेतलेलं नाव. नव्वद सेकंदांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. तेव्हाच लिहायला हवं होतं, तो आता नाही. चाळीसवर आल्यावर मी त्याची खेळाडूंच्या टिपणांची फाइल उघडली.
इरा झोपेतून उठून मागे येऊन उभी.
“आई, कॅनॉट लाह. दॅट इज बाबाज टीम.”
“बाबाचीच आहे.”
त्यातलं एक नाव दाबलं. ‘छान निवड, बातोक!’ असं कुणीतरी लिहिलं. 

५ सप्टेंबर, सोम.
गणपती. यंदा आपल्याकडे नाही. पुण्याहून अ.च्या आईंचा फोन.
अ.ची फाइल पूर्ण वाचली. ‘पोरं’ नावाचं पान. सगळे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारे. विशी-बाविशीचे. अ. म्हणायचा, “मृणाल, ही जमात लवकर संपते. म्हणून कोवळी असताना ओळखावी लागते.” प्रत्येकाला त्याने स्वतःचं नाव ठेवलंय.
लंबू: पाय सुरेख. पण दुसऱ्यासाठी अडवाअडवी येत नाही. पहिलं वर्ष बाकावर जाणार.
ठोंब्या: कॉलेजात फार पळवलाय. चरकातून दोनदा काढलेला ऊस.
सोन्या: दुखतं ते सांगत नाही. घेऊ नये.
भोवरा: खरा आहे, पण
एवढंच. ‘पण’च्या पुढे काही नाही. फाइल शेवटची बदलली शुक्रवारी, १५ जुलैला. शनिवारी तो पुलाउ उबीनच्या बेटावर सायकल घेऊन गेला.
त्या रविवारी तिसऱ्या पाळीला मी भोवराच घेतलाय.

१२ सप्टेंबर, सोम.
पहिला आठवडा. आज इथे ईदची सुट्टी, पण आमचं ऑफिस चालू. ज्युराँग ईस्टला गाडी बदलताना गुण बघितले. भोवरा दोनदा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार. दोनदा! जू कूनला ऑफिसची बस उभी होती, तिच्यात चढताना तोंडातून निघालं, “अजित, अरे तुझा भोवरा—”
शेजारच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मी फोन कानाला लावला. तुआसला ऑफिस येईपर्यंत तसाच.

२१ सप्टेंबर, बुध.
पितृपक्ष चालू आहे. आई म्हणाल्या, पहिल्या वर्षी करत नाहीत. बरं झालं. पान वाढून कावळ्याची वाट बघायची आणि इकडे त्याच्या नावाने मीच उत्तरं द्यायची, हे कुठल्या तोंडाने केलं असतं.
हो, उत्तरं देतेय. त्या दहांत एक आहेत, ओल्ड बार्न. मी त्यांना गोठेवाले काका म्हणते. ओहायोत मका पिकवतात, पूर्वी शाळेच्या टीमला शिकवायचे. अ.ला दर बुधवारी खाजगीत लिहायचे, या पोरांबद्दलच. आज लिहिलंय: ‘बातोक, तू तर नव्या पोरांना दोन हात लांब ठेवायचास. भोवऱ्यात काय दिसलं?’
(ते अर्थात भोवऱ्याचं खरं नाव लिहितात.)
मी लिहिलं: ‘थांबायचा कंटाळा आला.’
त्यांचं: ‘हे तुझ्यासारखं वाटत नाही. पण आवडलं.’
जेवताना ताट बाजूला सरकवलं. इराने विचारलं काय झालं. तिखट झालंय म्हटलं. तिने चाखून बघितलं, “नॉट स्पायसी.”

१० ऑक्टोबर, सोम.
भोवरा पडला. कुणी धक्कासुद्धा दिला नाही. वळायला गेला आणि खाली बसला, मग उठलाच नाही. फोनवर सारखं तेच तेच दाखवत होते. बसतो. उठत नाही. बसतो. उठत नाही. बंद केलं, तरी डोळ्यांसमोर. फक्त माती उबीनची.
नंतर बातमी आली की गुडघा तीन आठवड्यांपासून दुखत होता, पोराने कुणाला सांगितलं नव्हतं.
ऑफिसात दोन जहाजांचे तक्ते उलटसुलट केले. मॅडम म्हणाल्या, मृणाल, घरी जा.

१२ ऑक्टोबर, बुध.
काकांचं पत्र. जसं आठवतंय तसं उतरवून ठेवते.
‘भोवऱ्याने लपवलं. ही पोरं अशीच. आणि तूही तसलाच! तुझ्या छातीचं काय झालं? डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवतो म्हणालास आणि कळवलंच नाहीस.’
चार वेळा वाचलं. कुठली छाती. कुठले डॉक्टर.

१३ ऑक्टो.
मागे जाऊन सगळी पत्रं वाचली. इतके दिवस वाचली नव्हती. दुसऱ्याचं खाजगी, म्हणून. नाटक करायला मात्र हरकत नव्हती!
२९ जून. अ.: चढावर सायकल मारताना छातीत आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं.
काका: बायकोला सांग. आजच.
अ.: तिच्या ऑफिसात सध्या फार ताण आहे. उबीनची फेरी झाली की डॉक्टरांना दाखवतो, मग कळवतो.
काका: बातोक, सांग.
अ.: हो हो.
आणि लगेच पुढच्या ओळीत लंबूच्या पायांबद्दल.
सातासमुद्रापलीकडच्या, तोंडही न पाहिलेल्या माणसाला सांगितलं. मी शेजारी झोपत होते.

१६ ऑक्टोबर, रवि.
इराला घेऊन चांगीच्या धक्क्यावर गेले. उबीनला जायचं ठरवून. ती जागा बघायची, एकदाच. बारा माणसं झाल्याशिवाय बोट सुटत नाही. आम्ही धरून अकरा. नावाडी एकेकाकडे हात करत मोजायचा, अकरावर थांबायचा, परत मोजायचा. सगळे रस्त्याकडे बघत बसले. एक सायकलवाला हेल्मेट काढत येताना दिसला. लांबून चाल अगदी
मी उठले. इराचा हात धरून बाहेर आले.  बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “मला पण वाटलं.” मराठीत म्हणाली.

२२ ऑक्टोबर, शनि.
काकांना खरं लिहिलं. मी मृणाल, त्याची बायको. तो १६ जुलैला गेला. ऑगस्टपासून तुम्हाला मीच लिहितेय. माफ करा.
पाठवलं. मग भांडी घासली, घासलेली परत घासली.

२३ ऑक्टो.
उत्तर नाही. आजच्या सामन्यांसाठी टीम लावायची होती. नाही लावली. मग इराने लावली. भोवऱ्याच्या जागी लंबू. “बाबा सेड गुड लेग्ज.”

२५ ऑक्टोबर, मंगळ.
आलं. छोटंसं. त्यांनी रागवायला हवं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं.
लिहितात की ते तीन दिवस शेतावर गेलेच नाहीत. त्यांच्याकडे आमचा फोन नव्हता, पत्ता नव्हता, अ.चं खरं नावही नव्हतं. पण जूनमध्ये त्यांनी अजून जोर लावायला हवा होता. टीम ठेवायची की सोडायची ते मी ठरवावं. आणि मग:
‘एकच विचारतो. त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना? मी एकटाच नव्हतो ना, ज्याला माहीत होतं?’
जूनमधली एक संध्याकाळ आठवतेय. लिफ्ट बंद होती. नऊ मजले चढून आम्ही दारात आलो. अ. भिंतीला टेकून म्हणाला, “दम लागतोय गं आजकाल.” मी किल्ली शोधत होते. म्हटलं, “पोट बघ आधी स्वतःचं.” तो हसला. मीही हसले. दार उघडलं.
याला सांगणं म्हणायचं?
‘हो’ लिहिलं. म्हातारा सुटेल. पुसलं. ‘नाही’ लिहिलं. तेही पुसलं.
इथे संध्याकाळचे सात. तिकडे सकाळ झाली असेल, उठले असतील. त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागलाय.