सतरा मोहाची झाडे आणि अर्धवट उदाहरण

मी, देवाजी गोविंदा नाकाडे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. घर मुलगा निकेश याचे. तो राहतोच त्यात. शिलाई मशीन मुलगी मंजुषा हिचे. ते तिच्या आईचे होते.

२. माझा फळा शाळेला द्यावा. त्यावर हौदाची उदाहरणं मांडू नयेत. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो! बुधरी नावाची पोरगी वर्गात विचारायची, "गुरुजी, दुसरा नळ बंद काऊन नाई करत?" पुस्तक लिहिणाऱ्याला अजून उत्तर सुचलेलं नाही.

३. बांधावरची मोहाची झाडे सतरा. आमच्याकडे जो झाडाखालचा पालापाचोळा झाडतो, फुलं तोच वेचतो. मंजुषा माहेरी आली, तिने दोन झाडांखाली झाडलं. पहाटे निकेशने फुलं वेचली.

"झाडलं मी, अन् वेचून राह्यला तू?"

"लगन झालं तुयं. इथी आता तुयं काय?"

तेव्हापासून बोलणं बंद. त्यांची आई गेली तेव्हाही एकाच अंगणात दोघं दोन टोकांना बसली. "बाबा, तिले सांगा, पाणी घेजो म्हनावं." हे मी सांगत होतो, माझी बायको समोर पडलेली असताना. मेलो असतो तर बरं झालं असतं.

४. निकेशची झाडे क्ष माना, मंजुषाची य माना. क्ष + य = १७. सतराचे अर्धे होत नाहीत, हे मलाही कळतं. कुऱ्हाड लावू नये. एका समीकरणातून दोन उत्तरं निघत नाहीत, दुसरं समीकरण लागतं. ते मी लिहिणार नाही. दोघांनी बांधावर एकत्र बसून, तोंडाने बोलून ठरवावं. तोवर कोणीही झाडू नये, वेचू नये. फुलं गुरांनी खावीत.

५. वकील म्हणाले, "गुरुजी, हे अर्धवट आहे." मी म्हटलं, असू द्या.

काल निकेशला घरात आणि मंजुषाला फोनवर हे वाचून दाखवलं. निकेश म्हणाला, "मंग मले किती?" मंजुषा म्हणाली, "मंग मले किती?" ती कशी आहे, तो कसा आहे, कोणीच विचारलं नाही.

जन्मभर पोरांची उदाहरणं सोडवली. घरातलं सुटेल असं मला वाटत नाही. तरी सही करतो.

देवाजी गोविंदा नाकाडे

आमच्यासमक्ष सही केली:
बापूराव (शेजारी)
ठमाबाई (अंगठा)

कुरखेडा, ९ फेब्रुवारी २०२५