मागची डावी सीट

आंबवडे, ता. भोर
रविवार, सकाळचा दुसरा चहा

तीर्थस्वरूप सर्जेरावमामांना अजितचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. हाताशी फोन असताना भाचा पत्र लिहितोय म्हणजे एक तर जमिनीचं काहीतरी बिघडलंय नाहीतर डोक्याचं, असं तुम्ही मामीला म्हणालच. जमिनीचं काही नाही. फोनवर निवांत बोलायला मला गाडीतच सवड मिळते, आणि हा विषय गाडीत बोलता येत नाही (का, ते पुढं येईल). तुमचा गुडघा कसा आहे? वेल्ह्याच्या गारठ्यात तो तुमच्याआधी उठून बसतो असं मामी म्हणत होती. तेल लावत जा. मामीचा खोकला? इकडं सौ. दीपमाला बरी आहे. म्हणजे परवापासून माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीनं बरी आहे.

तर विषय गाडीचा. तुम्ही बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. ड्रायव्हरला फक्त पुढचा रस्ता कळतो, गाडीत मागं काय चाललंय ते कंडक्टरलाच कळतं, हे तुमचंच वाक्य. म्हणून सल्ला तुम्हाला विचारतोय. आमच्या हायवेवरच्या कंपनीनं मला चार वर्षांपूर्वी भाडेकरारावर ही पांढरी गाडी दिली. अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर. रात्रभर घरच्या प्लगला लावायची, सकाळी पहिले चाळीस किलोमीटर विजेवर पळते, मग पेट्रोल पिते. करार या तीस तारखेला संपतोय. एक तर ठरलेली रक्कम भरून गाडी आपली करायची, नाहीतर किल्ली परत द्यायची. दीपमाला म्हणते परत द्या. तिचं म्हणणं अगदी रास्त आहे: बॅटरी म्हातारी झाली, हिचे पार्ट भोरात काय पुण्यातही मिळत नाहीत, आणि वीज गेली की गाडी उपाशी. मीही हिशेब मांडून बघितला. कुठल्याही बाजूनं मांडला तरी परत देणंच शहाणपणाचं ठरतं. शहाण्या माणसानं इथंच पत्र संपवलं असतं.

पण आईचं आणि या गाडीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रोज दिवेलागणीला ती दारातून ओरडायची, "आज्या, गाडीला वैरण लावली का?" मी प्लग लावला की मग तुळशीपुढं दिवा. बसायची ती कायम मागं, डाव्या बाजूला. पट्टा तिनं एकदाही लावला नाही. "मला बांधून कुठं नेतूस? मी काय शेरडू हाय व्हय?" त्यामुळं आंबवडे ते कापूरहोळ आणि परत, पट्टा लावा म्हणून सांगणारी ती घंटी अखंड वाजायची. मी वैतागायचो. आई खूश असायची. "माझा सर्जा डबल देतोय," म्हणायची. दोन घंट्या म्हणजे चला, हे तिला तुमच्यामुळं पाठ. (एकदा साहेब पुढं बसले होते. त्यांनी विचारलं, हा सर्जा कोण? मी म्हणालो, गाडीचं सॉफ्टवेअर.)

आता माघातला तो दिवस. लिहायला जड जातंय, पण लिहितो. आपल्या घरातली रीत तुम्हीच त्या दिवशी पुण्याच्या दवाखान्याच्या दारात माझ्या कानात सांगितलीत: माणूस परगावी वारलं की देह ॲम्ब्युलन्समधून न्यावा, पण जीव घरच्या गाडीत बसवावा, आणि पूल आला, वळण आलं की हाक देत आणावं, नाहीतर तो वाटेत घुटमळतो. तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसलात. मी गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि म्हणालो, आई, बस. दार लावलं, गाडी हलली, आणि घंटी वाजायला लागली. रडता रडता मला वाटलं, सवयीनं वाजतेय. यंत्राला कसली आलीय सवय, हे सुचायला तेरावा उजाडला. मी मात्र रीत चोख पाळली. बोगदा आला, आई चल. कापूरहोळ आलं, आई आता आपण वळतोय. भाटघर आलं, पाणी बघ. भोरचा पूल आला, आता थोडंच राहिलं. इतका वेळ मी आईशी तिच्या हयातीत सलग कधी बोललो नव्हतो, मामा. ती बोलायची आणि मी हं हं करायचो.

तेव्हापासून घंटी थांबलेली नाही. गाडीत मी एकटा, मागची सीट रिकामी, आणि पुढच्या पडद्यावर डाव्या बाजूला बसलेल्या माणसाचं लाल चित्र. शेवटी एकदा मीच मागचा रिकामा पट्टा अडकवला. घंटी बंद. भाटघरपर्यंत शांतता. ऐन धरणाजवळ मागं "टक्" झालं आणि घंटी सुरू. वळून बघतो तर पट्टा सुटलेला. (खटका जुना झाला असेल. मी तसंच धरून चाललोय, तुम्हीही धरा.)

मग रतनबाईचं प्रकरण. आमच्या गल्लीतली रतनबाई लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने पनवेलला होती, आदल्याच दिवशी परतलेली. विजेवर चालताना ही गाडी पानसुद्धा न हलवता येते. तिन्हीसांजेला रतनबाई वैरणीचा भारा घेऊन चाललेली, मी शेजारून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "अंबूबाईंची तब्येत बरी दिसतीया. काल गाडीतनं म्या हात केला तर हसल्या गोड. उतरल्या न्हाईत त्या?" दीपमालाच्या हातातली कपबशी खाली पडली. आई गेल्याचं सांगितल्यावर रतनबाई तिथंच उंबऱ्यावर बसली, आणि तेव्हापासून आमची गाडी दिसली की ती भारा टाकून भिंतीकडं तोंड करून उभी राहते. आता अख्खी आळी तसं करते. मी कामावरून घरी येतो तेव्हा गावानं माझ्याकडं पाठ फिरवलेली असते. सरपंचांना सुद्धा इतका मान नाही.

शेवटी कापूरहोळला गोरख मिस्त्रीकडं गेलो. तो म्हणाला, "दादा, सीटखाली वजन वळखायचा पट्टा असतो, त्यो दमटला आसंल. पिन काडून टाकतो, ईषय संपला." पिन काढली. घंटी बंद. लाल चित्रही गेलं. मामा, दोन दिवस मी त्या गाडीतून फिरलो आणि मला जेवण गेलं नाही. भाटघरला नेहमीसारखं "आई, पाणी बघ" म्हणालो आणि मागं इतकं रिकामं होतं की गाडी कडेला घेऊन लहान पोरासारखा रडलो. तिसऱ्या दिवशी परत गोरखकडं. म्हणालो, बाबा, होता तसा बिघाड करून दे. चांगली गाडी पैसे देऊन बिघडवून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं तो दुकानभर सांगत होता. सीटखाली खुडबुड करून म्हणाला, झालं. निघालो, आणि घंटी! माझा जीव भांड्यात पडला.

आणि परवा करारवाल्यांचा कागद आला. गाडी परत देण्यापूर्वी आपले सर्व वैयक्तिक सामान काढून घ्यावे, राहून गेल्यास कार्यालय जबाबदार नाही. ते वाचल्यापासून मला झोप नाही. इथून गाडी लिलावात जाणार. उद्या कोणी कोईमतूरचा माणूस घेईल. आईला मराठीशिवाय काही येत नाही. तो बिचारा पट्टा लाव म्हणणार, ही त्याला शेरडाचं सांगणार, आणि त्याला कळणार काय? मी हे दीपमालाला बोलून दाखवलं, तेव्हापासून ती बोलत नाही. तुम्हीच सांगा, घ्यावी की द्यावी?

मामीला नमस्कार. तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक,
अजित

ता. क. १. खरं कारण लिहायचं राहिलं, की मुद्दाम मागं ठेवलं, मलाच माहीत नाही. रीतीचा शेवटचा भाग असा ना, की घर आल्यावर "उतर, घर आलं" हे माहेरच्या माणसानं म्हणायचं? त्या दिवशी ते तुमच्याकडं होतं. तुम्ही ओट्यावर टॉवेल तोंडाशी धरून बसलात आणि तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. बत्तीस वर्षं लोकांना हाळी देऊन उतरवणारा माणूस सख्ख्या बहिणीला उतरवायला विसरला. मी बोल लावत नाही, मीही कुठं आठवण केली? पण तीस तारखेच्या आत एकदा या आणि म्हणा. मग गाडी खुशाल परत देतो.

ता. क. २. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. आत्ता गोरखचा फोन आला होता. "दादा, माफी करा. त्या दिशी गिऱ्हाइकांच्या गडबडीत तुमची पिन जोडायची ऱ्हाऊन गेली, डब्यात आत्ता घावली. येऊन जोडून घ्या." मी म्हणालो, राहू दे. घंटी आज सकाळीही वाजत होती.

ता. क. ३. गाडी घेतली. सहीला पेन दीपमालानंच दिलं. ता. क. २ मी तिला वाचून दाखवला, तेव्हा म्हणाली, "आत्यांना अनोळखी माणसांत बसवायचं न्हाई." तेव्हा तुम्ही जरूर या, पण ते उतरायचं काही म्हणू नका. रविवारी आम्ही तुम्हाला न्यायला वेल्ह्याला येतोय. दीपमाला पुढं बसेल. तुम्ही उजव्या दारानं चढा.