मुंढा पुढून खोल कावून

बाई, तुम्ही मले अर्धंच शिकवून गेल्या, हे आधी ऐका; नमस्कार मागून. कागदी फर्मा ठेवा, खडूनं आखा, कापा, टीप घाला. भिलाईत, रुआबांध्याच्या तुमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी शिवणातलं एवढंच शिकली, अन् तुम्ही वारल्यावर त्याच्याच भरोशावर बायांचा वर्ग वीस वर्षं चालवला.

काल नात सायबर कॅफेतून आली. कॉम्प्युटर शिकून राहिली ती. इंटरनेटवर म्हणे अनोळखी लोकांचे गट असतात. आपण सवाल लिहायचा, कोणी तरी जवाब लिहिते. हिनं विचारलं, नावं ओळीनं लावायची एक रीत दुसरीपेक्षा लवकर कावून होते? जवाब आला : इथं प्रोग्राम लिहिताना अडलं तं विचारा, तुमचा सवाल कॉम्प्युटर सायन्सचा, त्याचा गट वेगळा.

मी म्हटलं, "हाकललं ना तुले?"

"नाही ना आजी, पता भी दिया. तिथं मस्त समजावलं. हे पाय, प्रोग्राम म्हणजे तुझं शिवणं. अन् कापडाचा बेत असाच कावून बसते, ते सायन्स."

पोरगी हसून राहिली होती. असाच कावूनचा सवाल माझ्या वर्गात आला होता, बाई. भिलाई-३ ची एक सून, एक खांदा उतरलेला. फर्म्याचं ब्लाउज तिले कधी बसे नाही. म्हणते, "काकू, बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल कावून कापतो? कळलं तं माझ्या खांद्यापुरतं मीच बेतीन." मी साऱ्यांसमोर म्हटलं, "इथं शिवण शिकवतात. कावून विचारायचं तं कालेजात जाय, अन् खांदाही तिथंच सरळ करून घे." बाया खदाखदा हसल्या. तिनं कापडाची घडी केली अन् गेली, ते गेलीच. त्या गटवाल्यांनी पत्ता तरी दिला. मले जवाब येत नव्हता, म्हणून मी तिच्या खांद्यावर गेली.

अन् अर्धं शिकवलं हेही खोटंच. तुम्ही माझा हात धरून सांगाले लागल्या होत्या, मीच म्हटलं, "बाई, कावून राहू द्या, कसं तेवढं सांगा, घरी कणिक भिजून पडली आहे." आज आरशासमोर हात पुढं नेला. हात पुढंच जाते, कापड पुढंच गोळा होते, म्हणून मुंढा पुढून खोल. एवढंच होतं.

हा कागद फर्म्यांच्या डब्यात ठेवते. तुम्ही त्या सुनेच्या सपनात जाऊन काही सांगायचं नाही, नातीलेही मी पाठवणार नाही. जिनं हाकललं, जवाब तिनंच द्यायचा. अन् तोही चार बायांसमोर.