सरांचा चरण

बुधवार, संध्याकाळ

सोमवारी मस्तगडच्या क्लासात मी कॉस इन्व्हर्स (−½) चं उत्तर −६०° काढलं. कोन दुसऱ्या चरणातला, १२०° पाहिजे होता. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चरण कळत न्हाई तर माझे चरण धर." पोरं फिदीफिदी हसली. माझे चरण धर म्हणे.

आज सरांनीच फळ्यावर साइन इन्व्हर्स (साइन १५०°) बराबर १५०° लिहिलं. साइन इन्व्हर्सचं उत्तर दुसऱ्या चरणात येतंच कुठं? ३०° पाहिजे. मी बोलले का? बिलकुल न्हाई. गुपचूप पेनानं उतरवून घेतलं.

उद्या सर वह्या तपासणार. माझ्या वहीत त्यांच्यावर स्वतःच्याच उत्तरावर लाल फुली मारायची वेळ येईल. मंग सगळ्यांसमोर विचारीन, "सर, आता कोणी कोणाचे चरण धरायचे?"